गोठवलेले तात्या

सोपानतात्यांच्या मनगटावरचं घड्याळ बिघडलंय, याबद्दल ऋजुताची खात्री पटली होती. आणि एकच नव्हे, सलग दुसरं. पहिलं बिघडलं तेव्हा तिनं ते कंपनीकडून बदलून घेतलं. नव्यानं चार दिवस शहाण्यासारखं वागून दाखवलं आणि मग तेही पहिल्याच्याच वळणावर गेलं. सकाळी तात्या दूध आणायला बाहेर पडले की घड्याळातली नाडी उड्या मारायला लागायची, श्वास वाढायचा, घामाची नोंद व्हायची. मग तात्या दुधाची पिशवी घेऊन परत यायचे, ते चेहऱ्यावर देवदर्शन करून आल्याचा भाव घेऊन.

“तात्या, दूधवाल्याशी भांडता का हो रोज?” तिनं एकदा विचारलंच.

“मी? तो बिचारा मला बगून पाणी घालायचं विसरतोय.”

“मग नाडी एवढी कशी वाढते?”

“घड्याळच तसलं आसंल. आमच्या एसटीत स्पीडचा काटा कवा खरं बोललाय व्हय? गाडी फाटकात उभी आसायची आन् काटा साठावर.”

हे उत्तर ऋजुताला लगेच पटलं, कारण तिला तेच हवं होतं. तिनं तिसरं घड्याळ मागवलं.

ऋजुता ही तात्यांची सून. नवरा रणजित गुजरातच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांची देखभाल करायचा आणि महिना-दीड महिन्यानं घरी यायचा. त्यामुळे कराडच्या त्या घरात एरवी माणसं तीनच: ऋजुता, तिची सात वर्षांची लेक रेवा आणि तात्या. तात्यांनी सगळी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगवर काढली होती, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण मार्गावर. कुंभार्ली घाटाचं कुठलं वळण कुठे दगा देतं, हे ते अजूनही जेवताना ताटात बोटानं काढून दाखवायचे आणि आमटी सांडायचे. सासूबाई गेल्यापासून या सासऱ्या-सुनेचं मेतकूट चांगलं जमलं होतं. ती रागवायची, ते ऐकल्यासारखं करायचे आणि संध्याकाळी दोघं मिळून भाजी निवडायची.

आता त्या मेतकुटात एक काळजी येऊन बसली होती. तात्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद होत चालली होती. ती बदलायची की नुसत्या गोळ्यांवर थांबायचं, हे डॉक्टर कणसेबाईंना महिनाअखेरपर्यंत ठरवायचं होतं. गरज नसताना बदलली तर सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नसता धोका, आणि गरज असून राहिली तर एखाद्या दिवशी माणूस चालता चालता कोसळायचा. ज्या आकड्यांवर हा निर्णय व्हायचा होता, ते आकडे काढणार होती खुद्द ऋजुता. तिचं कामच ते होतं.

ती पुण्याच्या ‘प्रतिदेह’ नावाच्या कंपनीसाठी, माडीवरच्या खोलीत बसून, माणसांच्या देहप्रती बनवायची. देहप्रत म्हणजे माणसाच्या शरीराचं गणितातलं रूप. हृदय किती जोर लावतं, झडप किती उघडते, रक्तवाहिन्या किती ताठ झाल्यात, मूत्रपिंडं किती पाणी धरून ठेवतात, अशी शेकडो समीकरणं एकमेकांत गुंतवलेली. मग त्या प्रतीला एक दिवस जगायला लावायचं: उठ, चहा घे, जिना चढ, गोळी घे, झोप. या दिवसाची स्क्रिप्ट आधीच लिहून द्यायची. पहिला दिवस संपला की गोळी बदलून तोच दिवस पुन्हा, मग झडप बदलून पुन्हा, मग थंडीतला दिवस, तापातला दिवस. अशी हजारो आयुष्यं संगणकात जगून झाली की खऱ्या माणसाला एकच आयुष्य जरा निर्धास्तपणे जगता येतं. नात्यातल्या माणसाची प्रत आपण करू नये, असा कंपनीत नियम नव्हता पण संकेत होता. ऋजुतानं तो मोडला. आपल्या तात्यांना पुण्यातल्या कुणा परक्या पोरानं समीकरणांत बसवावं, हे तिला सहनच झालं नसतं.

अडचण असायची ती वेळेची. संगणक प्रत्येक वेळी प्रत्येक समीकरण नव्यानं वाचणार, त्याचा अर्थ लावणार आणि मग आकडेमोड करणार. एकेक दिवस जगवायला अर्धा तास लागला तर हजारो दिवस कधी व्हायचे? म्हणून ऋजुताच्या धंद्यातली माणसं मॉडेल आधीच कंपाइल करून ठेवतात. म्हणजे सगळी समीकरणं एकदाच संगणकाच्या थेट भाषेत उतरवून घ्यायची आणि मग स्क्रिप्ट हाणत सुटायचं.

हे तिनं तात्यांना एकदा स्वयंपाकघरात समजावून सांगितलं होतं. तात्या खोबरं खवत होते.

“मंजी रविवारचं वाटण,” ते म्हणाले.

“अगदी बरोबर! एकदा वाटून फ्रिजमध्ये ठेवलं की आठवडाभर भाजी झटपट.”

“आन् वाटणात मिरची जास्ती पडली तर?”

“तर आठवडाभर हा-हू करायचं,” ऋजुता हसत म्हणाली. “वाटलेली मिरची काय वेचून काढता येते?”

त्या प्रश्नापाशी तिनं जरा थांबायला हवं होतं. पण खोबरं खवून झालं होतं आणि कढई तापली होती.

कारण कंपाइल करताना संगणक तुम्हाला विचारतो: यातलं काय बदलणार आणि काय कधीच बदलणार नाही? जे बदलणार नाही म्हणून सांगाल ते तो गोठवून टाकतो आणि त्यामुळेच धावायला लागतो. एवढंच नव्हे, गोठवलेल्या गोष्टींमुळे मॉडेलच्या ज्या भागाकडे कधी जाणंच होणार नाही, तो भाग तो सरळ छाटून टाकतो. न लागणाऱ्या खोलीत दिवा कशाला लावायचा, असा त्याचा हिशेब. गोळ्यांची मात्रा ऋजुतानं मोकळी ठेवली, झडपेचं माप मोकळं ठेवलं, हवामान मोकळं ठेवलं. तात्यांचा दिवस मात्र गोठवला. तो तिला तोंडपाठ होता ना! सकाळी दूध, मग ओसरीवरची आरामखुर्ची आणि वर्तमानपत्र, दुपारी डुलकी, संध्याकाळी दस्तगीरभाईंबरोबर नदीकाठच्या बाकापर्यंत संथ चाल. श्रम: हलके. हा शब्द टाइप करताना तिला खुर्चीत मान टाकून झोपलेले तात्या दिसले आणि फार माया आली. संगणकाला मायेचं काही नव्हतं. श्रम हलके म्हटल्यावर त्यानं तात्यांच्या शरीराचा धावण्याचा, दमण्याचा, जोर लावण्याचा सगळा भाग कापून बाजूला केला.

निकाल मात्र उत्तम आला. हजारो तात्या आपापल्या खुर्च्यांत बसून सुखानं म्हातारे झाले. ऑपरेशनची गरज नव्हती, गोळ्या पुरे होत्या. ऋजुतानं त्या आनंदात शिरा केला आणि रणजितला फोन लावला.

“तू होतीस म्हणून गं,” तो समुद्राच्या वाऱ्यात ओरडून म्हणाला.

घरात आनंद होता, फक्त रेवा नाराज होती. वाढदिवसाला बाबांनी तिला सायकल पाठवली होती आणि ती अजून अंगणातच उभी होती. सायकल आली त्याच दिवशी रेवानं जाहीर केलं होतं, “मला तात्या शिकवणार. तात्यांना एसटी येते, म्हणजे सायकल तर येणारच.” या तर्कात खोट काढणं अवघड होतं. तात्या म्हणाले होते, “शिकवू की.” पण मग सीट उंच निघाली, मग ब्रेक घट्ट निघाले, मग मैदानावर चिखल निघाला. चिखल वाळल्यावर पितृपक्ष निघाला.

“पितृपक्षात सायकल शिकू नये, असं कुठं आहे?” ऋजुतानं विचारलं.

“आमच्या गावाकडं हाय,” तात्या म्हणाले आणि वर्तमानपत्राच्या आड गेले.

म्हातारपणाचा कंटाळा असेल, असं ऋजुतानं स्वतःशी ठरवून टाकलं. तात्यांबद्दल ती पुष्कळ गोष्टी अशाच ठरवून टाकायची.

तिसरं घड्याळ आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरभाईंचा फोन आला. दस्तगीर मुल्ला म्हणजे तात्यांचे जुने कंडक्टर, एसटीच्या भाषेत ‘मास्तर’. दोघांची जोडी डेपोत प्रसिद्ध होती. निवृत्तीनंतरही ते तात्यांच्या मागेच दोन पावलं असायचे, जणू तात्यांनी वळून विचारलं असतं तर सगळ्यांची तिकिटं झालीत म्हणून सांगायला.

“सूनबाई, घाबरायचं न्हाई,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र चांगलाच घाबरलेला होता. “जकात नाक्यामागच्या मैदानात या जरा. तात्याला घेरी आली. आता बसलाय, बोलतोय, मला शिव्या देतोय.”

ऋजुता पायात मिळेल ती चप्पल घालून स्कूटरवरून सुटली.

मैदानाच्या कडेला, मातीच्या ढिगावर तात्या बसले होते. शर्ट घामानं भिजलेला, ओठ पांढरे पडलेले, एका कोपराला खरचटलेलं. त्यांच्यापुढे एक जुनी लेडीज सायकल आडवी पडली होती आणि तिचं हँडल वाकडं झालं होतं. ऋजुतानं आधी त्यांचं मनगट धरलं. घड्याळ जे सांगत होतं तेच तिच्या बोटांना लागत होतं. तीनही घड्याळं पहिल्यापासून खरं बोलत आली होती.

“हे काय आहे, तात्या?”

तात्यांनी दस्तगीरभाईंकडे बघितलं. “केलास बोभाटा?”

“मग काय करू? खांद्यावर घिऊन फिरू तुला?” दस्तगीरभाई उसळले आणि मग ऋजुताकडे वळले. “सूनबाई, मी कवाच म्हणलं, घरात सांग. हा म्हणतोय, आयुष्यभर एसटी चालवली आन् सायकल येत न्हाई, हे कळलं तर डेपोची भिंतसुदिक हसंल.”

“सायकल येत नाही?” ऋजुताला कळेचना. “तात्या, तुम्हाला?”

“डोंगरातलं गाव आमचं,” तात्या मातीकडे बघत म्हणाले. “सायकल फिरवाय सपाट जागा कुठली? पायी चालायचो, तिथनं ट्रकवर क्लीनर झालो, तिथनं एसटी. मधली पायरी ऱ्हाऊन गेली. कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. आन् आता रेवाला शबूद दिऊन बसलो.”

“रोज ह्याच्या मागं कॅरिअर धरून पळतोय मी,” दस्तगीरभाई म्हणाले. “आन् ह्याची खोड काय, मी तोंडानं डबल बेल दिल्याबिगर पेडलच मारत न्हाई. मी आपला पळतोय आन् टिंग टिंग करतोय. लोकं बगत्यात.”

ऋजुताला हसू फुटलं आणि हसता हसताच तिला रडू कोसळलं. मैदानात, दोन म्हाताऱ्यांसमोर, एका पायात रेवाची आणि एका पायात स्वतःची चप्पल घालून ती ढसाढसा रडली. तात्या तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिले.

“चक्कर आजच आली?” डोळे पुसून तिनं विचारलं.

दस्तगीरभाई वाकून सायकल उचलायला लागले आणि तात्या कोपरावरची माती झटकायला. म्हणजे आजच आली नव्हती.

तिनं तात्यांना थेट कणसेबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, जीवावरचं काही नसल्याचं सांगितलं आणि मग ऋजुताला बाजूला घेतलं. “झडप अरुंद असली तरी बसलेल्या माणसाला चालून जातं,” त्या म्हणाल्या. “श्रम करताना शरीर जास्त रक्त मागतं आणि झडप सोडत नाही. मग रक्तदाब पडतो, घेरी येते. एखादे वेळी माणूस उठतच नाही. तुमच्या मॉडेलमध्ये हे दिसलं कसं नाही?”

कसं दिसणार? घरी येऊन ऋजुता माडीवर गेली, तिनं मॉडेल उघडलं आणि छाटलेला भाग शोधून काढला. तिथे तात्या धापा टाकत होते, घामाघूम होत होते, पेडल मारत होते; आणि तो दिवा तिनं स्वतःच्या हातानं मालवला होता. कंपाइल करण्यात काहीच चूक नव्हती. तिनं चुकीचं ते गोठवलं होतं. वय गोठवता येतं, उंची गोठवता येते. माणूस उद्या काय करायला निघेल, ते कसं गोठवणार? आणि खरा प्रकार संगणकाच्या बाहेरच होऊन बसला होता. तिनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच तात्यांना मनात कंपाइल करून टाकलं होतं: खुर्ची, पेपर, दूध, डुलकी. तेव्हापासून तात्यांनी तोंड उघडायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. आपल्याच माणसांचं असं होतं. परक्याला आपण निदान विचारतो तरी. तिला स्वतःची लाज वाटली.

लाज वाटली तरी डोकं मात्र लगेच जुन्याच वाटेनं धावलं. खाली येऊन ती तात्यांना म्हणाली, “आता ऐका माझं. सायकल बंद. रेवाला मी शिकवते. तुम्ही खुर्चीत बसलात तर गोळ्यांवर आरामात निभावतं, हजारो वेळा बघितलंय मी. ऑपरेशन नको, धोका नको.”

रणजितनंही फोनवर तेच सांगितलं. “तात्या, गुमान खुर्चीत बसा.”

तात्या लसूण सोलत होते. हातातला अख्खा गड्डा त्यांनी सोलून संपवला.

“पोरी, बशीन की मी,” मग ते म्हणाले. “तू म्हणतीस तर बशीन. पण मग वाचंल तो तुझ्या कॉम्प्युटरातला तात्या. माझं काय?”

“तात्या, तुम्हाला काही झालं तर…”

“ठाव हाय मला. माझ्यावर जीव हाय तुझा, म्हणूनच तर मी गप ऱ्हायलो. तुझं घड्याळ बदलणं बगून मला आतनं वाईट वाटायचं. दोनदा सांगणार हुतो.”

“मग का नाही सांगितलंत?”

“तू इचारलं न्हाईस. माझं मंजी तुला सगळं ठावच आसतंय.” त्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. म्हणूनच ते ऋजुताला जास्त लागलं.

तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि ती तात्यांसमोर पाटावर बसली. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “आता विचारते. इथून पुढं तुम्हाला काय काय करायचंय?”

तात्या गोंधळले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. डेपोत ड्युटी लागायची, घरात पिशवी हातात यायची. ते बराच वेळ लसणाची सालं गोळा करत राहिले आणि मग नव्या नवरीसारखे लाजत म्हणाले, “सायकल तर हायच. येकदा नदीपातुर रेवाच्या बरुबर जायचं, ती तिच्या सायकलवर, मी माझ्या. पवायला येतंय मला, ते बंद झालंय, ते बगायचं. आन् रणजितच्या त्या पवनचक्क्या. बोटीतनं जायला लागतंय म्हणं.”

“एवढ्यात बोट नको.”

“ऱ्हाऊ दे बोट. पण लिव तरी.”

ऋजुतानं लिहिलं. मग ती वर गेली आणि तिनं मॉडेल पुन्हा कंपाइल केलं. या वेळी श्रमांचा भाग तिनं मोकळा ठेवला, सगळे दिवे चालू ठेवले. साहजिकच मॉडेल जड झालं. पूर्वी चहा होईपर्यंत जेवढे दिवस जगून व्हायचे, तेवढ्यांना आता दुपार कलंडायची. पुण्याहून तिच्या साहेबांनी विचारलं, “इतकं हळू का चाललंय?” तिनं कळवलं, “घाट आहे.” साहेबांना काही कळलं नाही. तात्यांना मात्र हे उत्तर फार आवडलं.

दुसऱ्या संध्याकाळी निकाल तिच्यापुढे होता आणि तो तिनं तात्यांपासून काहीही न लपवता मांडला. जुन्या झडपेवर सायकल चालवणारे बरेच तात्या वर्षभरात कोसळत होते. खुर्चीत बसणारे जगत होते. नवी झडप घालून सायकल चालवणारे त्यांच्याइतकेच जगत होते, काही तर जरा जास्तच. “पण तात्या,” ती म्हणाली, “काही जण ऑपरेशनच्या टेबलावरच थांबतात. थोडेच. पण आहेत.”

“घाटात गाडी घालताना बी आसंच आसतंय,” तात्या म्हणाले. “म्हणून लोकं चिपळूणला जायची थांबली न्हाईत.”

ठरलं. रणजित घरी आला, कणसेबाईंनी तारीख दिली. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप वर नेऊन बसवायची, असं ते ऑपरेशन होतं. आत नेताना तात्यांनी घड्याळ काढून ऋजुताच्या हातात ठेवलं. “सांभाळ,” ते म्हणाले. “बिघडलेलं न्हाई ते.”

बाहेरच्या बाकावर तिघं बसली. रणजित उगीच फोन चाळत होता, दस्तगीरभाई तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होते. ऋजुताला एकसारखे ते थोडे तात्या आठवत होते, टेबलावरच थांबलेले. संगणकात ते एका ओळीत मावले होते. तिनं आयुष्यात इतक्या प्रती जगवल्या होत्या आणि इतक्या मरू दिल्या होत्या, पण या दारामागे एकच होता आणि त्याला दुसऱ्यांदा चालवता येणार नव्हतं. ती घड्याळ मुठीत घट्ट धरून बसली.

दार उघडून कणसेबाई आल्या त्या हसत आल्या. “पेशंट विचारतोय, दस्तगीरनं जेवण केलं का,” त्या म्हणाल्या. दस्तगीरभाईंनी टोपी काढून डोळ्यांना लावली.

तात्या घरी येऊन हिंडू-फिरू लागेपर्यंत दिवाळी उलटून गेली. मधल्या काळात एक घोटाळा झाला होता. रेवाला धीर निघाला नव्हता आणि ऋजुतानं मागे पळून पळून तिला सायकल शिकवून टाकली होती. आता ती गल्लीत एक हात सोडून चालवायची. तात्यांना हे कसं सांगावं, याची ऋजुताला चिंता लागली होती. ज्या शब्दासाठी माणूस मरणाच्या दारात जाऊन आला, तो शब्दच उरला नव्हता. तात्यांना काय वाटेल, हे तिनं मनाशी ठरवायला घेतलंच होतं, पण अर्ध्यावर थांबली आणि ओसरीवर जाऊन सरळ विचारलं.

“तात्या, रेवा शिकली सायकल. तुम्हाला वाईट वाटलं का?”

तात्यांनी पेपर खाली ठेवला. गल्लीतून रेवा घंटी वाजवत गेली, ती त्यांनी वळणापर्यंत बघितली. “वाटलं थोडं,” ते म्हणाले. मग त्यांनी हाक मारली, “रेवा! हिकडं ये. तुला एक सांगायचंय. हसायचं न्हाई.”

रेवा हसली. खूप हसली, अंगणात लोळून हसली. मग उठून फ्रॉक झटकत म्हणाली, “चला तात्या. मी शिकवते. सोप्पं असतं.”

असे सगळे एका सकाळी जकात नाक्यामागच्या मैदानात गेले. कणसेबाईंची परवानगी होती, मॉडेलचा होकार होता. तात्यांनी जुन्या लेडीज सायकलवर टांग टाकली. मागे कॅरिअरला रेवा लटकली होती आणि तिच्यामागे, गरज पडली तर असावं म्हणून, दस्तगीरभाई. ऋजुता बाजूला उभी होती. हजारो वेळा बघितलेलं सगळं ती आता पहिल्यांदा बघणार होती.

तात्या मात्र हलेनात. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर, नजर समोर.

“तात्या, मारा ना पेडल!” रेवा ओरडली.

“बेल पडल्याबिगर गाडी हलत न्हाई, बाळा.”

दस्तगीरभाईंनी सवयीनं तोंड उघडलं. पण तात्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि ऋजुताकडे बघितलं. वर्षानुवर्षं घाटाच्या पायथ्याशी ज्या नजरेनं त्यांनी आरशातून मागे बघितलं असेल, तीच ती नजर होती. सगळे बसले का? निघू का?

“मास्तर,” तात्या सुनेला म्हणाले, “बेल द्या.”

ऋजुतानं तात्यांकडे बघितलं, त्यांच्या खरचटून बऱ्या झालेल्या कोपराकडे बघितलं, आणि मैदानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“टिंग टिंग!”